भांग पाडून घातलेलं औषध

आक्कांची मांजर खाजवायला लागली आणि टोपवाल्यांच्या घराची झोप उडाली. नाटकांना केसांचे टोप, दाढ्या आणि मिशा पुरवणं हा टोपवाल्यांचा धंदा. घरभर लाकडी मुंडकी मांडलेली, त्यांवर राजे, साधू, म्हातारे आणि डाकू वाळत बसलेले. अशा घरात मांजर एखाद्या टोपाशेजारी मुटकुळं करून झोपली, की तिनं जांभई दिल्याशिवाय पत्ता लागत नसे.

आक्का म्हणजे टोपवाल्यांची थोरली बहीण. आईच्या माघारी तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, आणि अलीकडे एकटी पडल्यावर या मांजरीला. मांजरीचं नाव बाईसाहेब. महिनाभर लेकीकडे जाताना आक्कांनी तिला भावाच्या स्वाधीन केलं आणि डोळे पुसत सांगितलं, "बाळू, तुला जपलं तसं हिला जप. मला आता दुसरं कोण आहे?" बाळूची पन्नाशी उलटली होती. तरी आक्कांचा नुसता फोन आला, की तो आपली नखं कापलेली आहेत ना ते बघून घेई.

आज संध्याकाळी आक्का परत येणार होत्या, आणि बाईसाहेबांच्या अंगावर पिसवा सहकुटुंब नांदत होत्या.

टोपवाल्यांनी औषध आणलं. बोटाएवढी नळी, मानेमागचे केस बाजूला सारून थेंब कातडीवर सोडायचे. काम अगदी त्यांच्या हातचं. अडचण एकच होती. मागे गोळी देताना बाईसाहेबांनी एका फटक्यात त्यांचा चष्मा खिडकीबाहेर पाठवला होता. म्हणून त्यांनी चष्मा आधीच काढून ठेवला. नळी दिसली तर मांजर पळेल म्हणून बाईसाहेब जिथं झोपायच्या त्या आतल्या खोलीचे पडदे बायकोनं ओढले, दिवाही मालवला. टोपवाले चोरपावलांनी आत गेले आणि थोड्या वेळानं लढाई जिंकल्यासारखे बाहेर आले.

"घातलं! भांग पाडून घातलं. एक थेंब इकडचा तिकडे नाही. आणि काय गुणाची मांजर गं! हूं की चूं केलं नाही."

"उगाच नावं ठेवत होतो बिचारीला," असं म्हणत बायकोनं बाईसाहेबांसाठी वाटीत साय काढून ठेवली.

मग चष्मा लावून टोपवाल्यांनी औषधासोबतचा कागद उलगडला. औषध घालून झाल्यावर कागद वाचायचा, ही जगाची रीतच आहे.

"ऐक. 'काही मांजरांना त्रास होऊ शकतो. तोंडाला फेस येणे, लपून बसणे, केस गळणे, अंग थरथरणे.'"

"अगं बाई! आणि?"

"पुढं जाड अक्षरांत आहे. 'कुत्र्यांचं औषध मांजरांना कदापि घालू नये. जिवावर बेतू शकतं.'"

बायकोनं सावकाश विचारलं, "तुम्ही मांजराचंच आणलंत ना?"

"मी दुकानदाराला म्हटलं, पिसवांचं द्या."

"कुणाच्या पिसवांचं?"

"ते त्यानं विचारलं नाही."

खोकं केराच्या डब्यात गेलं होतं आणि त्यावर चहाचा चोथा पडला होता. चित्रातल्या जनावराचं तोंड विरघळून गेलं होतं. उरले होते चार पाय आणि एक शेपूट.

"शेपूट सरळ आहे," टोपवाले आशेनं म्हणाले. "कुत्र्याचं असतं तर वाकडं नसतं का?"

"चहात भिजून सरळ झालं असेल! आधी मांजर बघा."

बाईसाहेब कपाटाखाली लपून बसल्या होत्या. बायकोनं वाकून पाहिलं आणि किंचाळली. मांजरीच्या तोंडाभोवती पांढरा फेस होता. टोपवाल्यांनी हात घालून तिला ओढून काढलं, तर त्यांच्या मुठीत पांढऱ्या केसांचा झुपका आला.

"केस गळायला लागले!" ते ओरडले. "आक्काला मी काय तोंड दाखवू?"

बायकोनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "कुत्र्याचं औषध असण्याची शंका आहे ना? मग वाट बघू नका. भांडी घासायच्या साबणानं, कोमट पाण्यानं मान धुवा आणि तडक घेऊन या."

मांजरीला आंघोळ घालणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्याला सांगायला नको आणि ज्यानं केलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. निम्मं पाणी छताला लागलं. त्या रणधुमाळीत दाराची घंटा वाजली. नाटक कंपनीचा माणूस महाराजांचा टोप न्यायला आला होता.

"आतल्या खोलीत गादीवर आहे! घेऊन जा!" बायको न्हाणीघरातून ओरडली. माणूस टोप घेऊन गेला. इकडे बाईसाहेब थरथरायला लागल्या. फेस, लपणं, केस, थरथर. कागदावरचं एकही लक्षण शिल्लक राहिलं नाही. टोपवाल्यांनी मांजर पंच्यात गुंडाळून टोपलीत घातली. गाडीत ते टोपलीला कवटाळून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

डॉक्टरांनी बाईसाहेबांना उलटसुलट करून तपासलं.

"थरथर थंडीची आहे. मला असं भिजवून आणलं असतं, तर मीही थरथरलो असतो." त्यांनी तोंडाजवळचा पांढरा ठिपका पुसून वास घेतला. "ही साय आहे. आणि हे केस कुणाचे?"

टोपवाल्यांनी झुपका बोटांत धरला. अशाही वेळी त्यांच्यातला कारागीर जागा झाला. "साधूच्या दाढीचे," ते म्हणाले.

तेवढ्यात मांजरीच्या मानेवरून एक पिसू उडाली आणि डॉक्टरांच्या बाहीवर बसली.

"पिसवा ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "औषध घातलंत तरी कुठं?"

"मानेवर. भांग पाडून."

"कातडी दिसली?"

"दिसणार कशी? चष्मा नव्हता, अंधार होता. पण बोटाला लागली ना."

"कशी लागली?"

"कशी म्हणजे? नेहमीसारखी. जाळीची."

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, मांजराला जाळी कुठली! जाळी टोपाला असते!"

हूं की चूं न करणारी ती गुणाची मांजर म्हणजे महाराजांचा टोप होता. बाईसाहेब सुखरूप आहेत म्हणून टोपवाल्यांनी आधी मांजरीचा मुका घेतला. मग त्यांना महाराज आठवले. "डॉक्टर, तो टोप आता माणसाच्या डोक्यावर असेल!"

"घाबरू नका. फार तर खाज सुटेल. टोप काढायला लावा आणि मान धुवायला सांगा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक नवी नळी पुढं केली. "ही मांजरांची आहे. परवा घाला, अंग नीट वाळल्यावर. आणि दिवा लावून."

दोघं टोपलीसकट नाट्यगृहात पोचली, तर पडदा वर गेलेला. महाराज सिंहासनावर बसले होते. नाटक नवं होतं आणि त्यातली एक जागा गावभर गाजत होती. युद्धाची वाईट बातमी ऐकून महाराज काही न बोलता मुकुटाखाली बोटं घालून डोकं खाजवतात, मग मान, मग पुन्हा डोकं. त्या हताश खाजवण्याला दर प्रयोगात टाळ्या पडत. वर्तमानपत्रांनी त्याला अंतरीच्या वेदनेचा आविष्कार म्हटलं होतं. विंगेत टोपवाले श्वास रोखून उभे होते. दूतानं बातमी सांगितली. महाराज ढिम्म. दूतानं बातमी पुन्हा सांगितली. महाराजांनी बोटं मुकुटाखाली नेली, जरा वाट पाहिली आणि रिकामीच बाहेर काढली. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं.

पडदा पडताच महाराज तणतणत विंगेत आले आणि त्यांनी टोप ओढून काढला.

"टोपवाले, काय केलंत या टोपाला?"

"खाज सुटली का हो फार?"

"सुटली नाही, हेच तर विचारतोय! महिनाभर हा टोप चढवला, की डोकं कसं सळसळायचं! आज सिंहासनावर बसलो, आणि डोक्यात काही म्हणजे काही नाही! माझा अभिनय धुऊन काढलात की काय?"

त्याच वेळी टोपलीचं झाकण वर झालं. बाईसाहेबांनी डोकं बाहेर काढलं, महाराजांच्या टोपाकडे ओळखीनं पाहिलं आणि मागच्या पायानं कराकरा कान खाजवला. प्रयोगानंतर विंचरायला घरी येणारा तो टोप महिनाभर कुणाच्या अंथरुणाजवळ असायचा, हे टोपवाल्यांना कळून चुकलं. त्यांनी महाराजांना मान धुवायला पाठवलं, टोप ताब्यात घेतला आणि घर गाठलं.

आक्का दारातच उभ्या होत्या. ओली मांजर, ओलाचिंब भाऊ, साबणानं माखलेली भावजय, सगळं त्यांनी बघून घेतलं आणि एकेक गोष्ट काढून घेतली. "महाराज म्हणतात, टोप पहिल्यासारखा करून द्या," टोपवाले शेवटी चाचरत म्हणाले.

"राजाला खाज हवी असेल, तर त्यानं पिसवा स्वतःच्या घरी पाळाव्यात," आक्का म्हणाल्या. "माझ्या मांजरीनं का सोसायचं?"

परवाचा दिवस उजाडला. खोलीतले सगळे दिवे लावले. पडदे बाजूला सारले. टोपवाल्यांनी चष्मा दोरीनं डोक्याला बांधला आणि नळीवरचं मांजराचं चित्र आक्कांना दाखवून खात्री करून घेतली. आक्कांनी मांजर मांडीवर धरली. टोपवाल्यांनी केस बाजूला केले, बोटानं चाचपलं, थेंब सोडले. त्यासरशी बाईसाहेब फिस्कारल्या आणि त्यांनी असा फटका हाणला, की चष्मा दोरीसकट खिडकीबाहेर गेला आणि टोपवाल्यांच्या हातावर चार लाल रेघा उमटल्या.

"अरे बाळू! फार लागलं का?" आक्का कळवळल्या.

"लागलं!" टोपवाले आनंदानं नाचत ओरडले. "आक्का, चांगलंच लागलं! ही मांजरच आहे!"