तिरक्या पाटीचं प्रकरण

पिंपळीच्या आप्पासाहेबांनी स्वतःची ओळख स्वतःच लिहून पाठ करून ठेवली होती: "पुणे जिल्ह्यातला एकमेव गुप्तहेर, ज्याच्या नुसत्या खोकल्यानं गुन्हेगार कबुलीजबाब देतो." आपण गुप्त आहोत हे त्यांनी स्कूटीच्या मागं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं. स्कूटी सुनेची, म्हणजे मोनाची. चालवायचीही तिनंच, कारण चालवताना म्हणे आप्पासाहेबांच्या विचारांची साखळी तुटते. अशी साखळी मोनाला लग्नानंतर सहा वर्षांत एकदाही दिसली नव्हती. पण सासऱ्याला बोलायचं कसं?

त्या शनिवारी सकाळी दोघं भिगवणला मुक्ताबाई बडे यांच्या नव्या खानावळीत पोचले. हायवेला लागून जागा, धरणातली ताजी चिलापी मासळी, झणझणीत रस्सा. आणि आठ दिवसांत एक ताट लागलं नव्हतं.

"गाड्या थांबत्यात," मुक्ताबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "माणसं उतरत्यात आन् इचारत्यात काय, तर वडे हायत का! न्हाय म्हटलं की चालली. सोमवारपातुर आसंच ऱ्हायलं तर माझं दीर, दादासोभावजी, हितं पंक्चरचं दुकान टाकणार. आयुष्यात पयल्यांदा माझ्या नावाची पाटी लावलीया, आप्पा."

मोनानं मुक्ताबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. आप्पासाहेबांनी मात्र आनंदानं हात चोळले.

पाटी खरंच देखणी होती. बारामतीच्या पाटीवाल्या वाजिदनं केलेली. अक्षरं ऐटीत उजवीकडं रेललेली, उभ्या दांड्या नि गोलाया चांगल्या जाडजूड आणि आतल्या रेघा केसाएवढ्या. वर मोठं 'बडे', खाली 'मच्छी खानावळ', तेही इतकं नाजूक की मोठ्यानं वाचलं तर मोडेल. मोनानं वाजिदला फोन लावला.

"रॉयल तिरका फॉन्ट हाय त्यो, वैनी," वाजिद अभिमानानं म्हणाला. "लग्नपत्रिकेला लय मागणी."

आप्पासाहेब शिडीवर चढले. भिंग लावून त्यांनी प्रत्येक अक्षर वीतभर अंतरावरून तपासलं.

"पाटी निर्दोष हाय," त्यांनी वरूनच निकाल दिला. "केसाएवढी रेघसुद्धा लख्ख दिसती. दोष आहे तो झुकण्यात! अक्षरं सोलापूरकडं कललीत. गिऱ्हाईक त्या उतारानं घरंगळत फुडं जातंय."

"मामा, पुण्याकडं तोंड करून जाणारी पण थांबत न्हाईत."

"ती चढ बघून दमतात."

एवढ्यात एक मोटार थांबली. चालकानं काच खाली करून विचारलं, "वडे आहेत का?"

आप्पासाहेबांचे डोळे चमकले. "सांकेतिक शब्द!" ते मोनाच्या कानात ओरडले. मग मोटारीपाशी जाऊन एक डोळा मिटून गंभीरपणे म्हणाले, "चटणी संपलीया."

मोटार निघून गेली.

"बघितलंस? टोळी हादरली! मागं लाव स्कूटी."

पाठलाग भिगवण स्टेशनापर्यंत चालला. तिथं संशयितानं बाहेरच्या गाड्यावर दोन वडे घेतले आणि खाल्ले. "पुरावा नष्ट केला," आप्पासाहेब हळहळले. खात्री करायला त्यांनी स्वतःही तीन वडे नष्ट केले.

परत आल्यावर मोना वैतागून रस्ता ओलांडून पलीकडं गेली. बाभळीच्या सावलीत खानावळीत कामाला असलेली नकोशीआत्या मासे साफ करत होती. साठीच्या आत्यानं यंदाच साक्षरता वर्गात जाऊन अक्षरं गिरवली होती. शेजारी बसलेल्या मोनाला तिनं भीतभीतच विचारलं, "पोरी, एक सांग. पाटीवर वडे लिवल्यात, मग मालकीण मासं कशाला मागवती?"

"कुठं लिवल्यात वडे?"

आत्यानं पाटीकडं बोट करून एकेक अक्षर लावलं. "व... डे. माझं चुकतंय का? आठ दिस झालं, लाजंनं इचारलं न्हाय."

मोनानं मान वर केली. इथून 'ब'च्या पोटातली ती केसाएवढी रेघ औषधालासुद्धा दिसत नव्हती. खालची ओळ तर आभाळात विरघळली होती. नाव आधीच माहीत असल्यानं ती सकाळपासून 'बडे'च वाचत होती. आत्या मात्र समोर होतं तेवढंच वाचत होती.

"तुमचं न्हाय, आत्या, आमचं चुकतंय," मोना म्हणाली. तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"मला पयल्या मिनिटापासून अंतराचा संशय होता," मोनाचं सगळं ऐकून आप्पासाहेब म्हणाले. खोकलेही, पण कबुलीजबाब कुणीच दिला नाही.

मुक्ताबाईंनी काळ्या ऑइलपेंटचा डबा आणला आणि ब्रश नकोशीआत्याच्या हातात दिला. "तुमीच काढा."

"मावशी, फॉन्टची शोभा जाईल!" वाजिद फोनवर कळवळला. तोवर आत्या शिडीवर चढली होती. तिनं 'ब'च्या पोटात बोटभर जाड, वाकडीतिकडी रेघ ओढली आणि खालची ओळही गिरवून काढली.

रविवारी दुपारपर्यंत चिलापी संपली. सोमवारी दादासो टेंपोत पंक्चरचं सामान भरून आला, तर टेंपो लावायला जागा नव्हती. तो रस्त्यापलीकडं उभा राहून पाटीकडं बघत राहिला आणि शेवटी आत येऊन नाक मुरडत म्हणाला, "वैनी, ती रेघ लय बेढब दिसती."

"दिसती ना?" ताट वाढता वाढता मुक्ताबाई म्हणाल्या. "मग झालं."