गोलकीपरची शुगर

गुरुदत्तांनी भात, पोळी, बटाटे आणि फळं एकाच दिवशी बंद केली. बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना सॉल्ट लेकमधल्या आपल्या ब्लॉकच्या संघात गोलकीपरची जागा मिळाली होती. सामना रविवारी होता, आणि पोट वाकू देत नव्हतं.

"बाबा, कर्बोदकं म्हणजे शत्रू नव्हेत," नुकतीच बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालेली चैत्राली म्हणाली. "साखर, मैदा कमी कर. भात, बटाटे, फळं कशाला सोडतोस? उडी मारताना स्नायू तेच जाळतात."

"माझे स्नायू अंड्यांवर उड्या मारतील!"

दुर्गापूजा नुकतीच संपली होती. दसऱ्यानंतर विजयेच्या भेटीला गेलं की मोठ्यांच्या पाया पडायचं आणि पुढ्यात येईल ते गोड संपवायचं, एवढाच इथला नियम. शेजारच्या मासीमांनी संदेश मिठाईची बशी पुढे केली. गुरुदत्तांनी हात जोडले. "गोड बंद केलंय."

धडधाकट माणूस विजयेला संदेश नाकारत नाही. मासीमांचा चेहरा उतरला. "किती आहे शुगर?"

"मला शुगर नाही हो!"

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

संध्याकाळपर्यंत घरी उकडलेली कारली आली. वरच्या मजल्यावरून कडुलिंबाचा रस आला. शेवटी कप्तान बिमानदा स्वतः आले. "दादा, गोलमध्ये चक्कर आली तर? तुम्ही खुर्चीत बसा, टाळ्या वाजवा."

गुरुदत्त रक्त तपासायला निघाले, तर बायकोने अडवलं. "रिपोर्ट कोण वाचतंय?" श्यामला म्हणाली. "चारचौघांत खाऊन दाखवा."

शनिवारी ब्लॉकच्या क्लबात रसगुल्ल्यांची हंडी उघडली. पहिला गुरुदत्तांनी पुरावा म्हणून खाल्ला, दुसरा आग्रहाचा. मग सगळा उपास एकदम आठवला.

"बाबा, मी भात म्हणाले होते!" चैत्राली ओरडली.

हंडीचा तळ दिसल्यावर त्यांनी डोळे उघडले. "छेना उत्तम. पाक मात्र किंचित घट्ट झालाय."

बिमानदांनी एक चमचा पाक चाखला आणि आदराने मान डोलावली. मग गुरुदत्तांच्या काखेतले ग्लोव्हज हळूच काढून घेतले. "दादा, गोलकीपर कुठेही मिळेल. ब्लॉकची भोजन समिती आजपासून तुमची."

हा मान ब्लॉकमध्ये जन्मलेल्यांनाही सहजी मिळत नसे.

रविवारी मैदानाच्या कडेला, खिचडीच्या कढईशेजारी, गुरुदत्त खुर्चीत बसले होते. हातात झारा होता.

"खेळणाऱ्यांना भात-बटाटा सढळ वाढा," ते ठामपणे सांगत होते. "उडी मारताना स्नायू तेच जाळतात."