पेपरमिंट तेल वापरासंबंधी नऊ सूचना

ज्या वस्तूचा वास उग्र, तिच्यात गुण असतोच, हे आता सर्वत्र मान्य झाले आहे. वास जितका डोक्यात जाईल तितका गुण खोलवर जातो. डोळ्यांतून पाणी आले तर औषध लागू पडले आणि तोंडातून शिवी निघाली तर पूर्ण बरे वाटले, असे समजावे. या तत्त्वावर आमच्या गावच्या वन समितीने मागच्या मोहफुलांच्या हंगामात एक सुरक्षा उपक्रम राबवला. त्याचा हा अहवाल. उपक्रम सुचवणारा, राबवणारा, तपासणारा आणि अहवाल लिहिणारा इसम एकच असून तो मी आहे. त्यामुळे अहवालात मतभेद आढळणार नाहीत.

उपक्रमाचे लाभार्थी तेवीस (माझ्यासह). याखेरीज एक लाभार्थी चार महिन्यांची होती. तिचे नाव यादीत नव्हते. हा अहवाल खरे म्हणजे तिच्या श्वासाचा आहे. पण तिथवर जायचे तर सुरुवात माझ्यापासून करावी लागते, आणि तशी सुरुवात करायला मला कधीच जड गेलेले नाही.

माझे नाव लटारू. आरमोरीपासून एकोणीस किलोमीटरवर आमचे गाव. गडचिरोलीच्या एका कार्यालयात मी एकतीस वर्षे आवक-जावक शाखेत काढली. आलेल्या कागदावर ‘वाचले’ असे लिहून सही ठोकणे, हे माझे काम. अंदाजे दोन लाख कागद मी असे वाचले. त्यांतल्या चार-पाच कागदांत काय होते, ते मला आजही आठवते. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा लोकांनी मला वन समितीचे सचिव केले, कारण शिक्का फक्त माझ्याकडे होता. (शिक्का दुसऱ्याच कामाचा होता. पण गोल होता.)

तेल गावात आणले माझ्या भाच्याने. प्रफुल गडचांदूरला सिमेंटच्या कामावर आहे. धुळीने त्याचे नाक चोंदते, म्हणून तो पेपरमिंटच्या तेलाची बाटली बाळगतो. दिवाळीत त्याने एक मलाही दिली. पंधरा मिलिलिटर, तपकिरी काच, झाकणाला थेंब पाडायची सोय. “मामा, एकच थेंब बरं का, तोबी गरम पान्यात,” असे तो म्हणाला. मी एका थेंबावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. सरकारी नोकरीत एक प्रत कधीच पुरत नाही, तीन लागतात.

प्रथम मी ते कपाळाला लावले. डोकेदुखी गेली. (कपाळाची कातडी चौथ्या दिवशी गेली.) नंतर पोटासाठी अर्ध्या पेल्यात सहा थेंब घेतले. गॅस निघाला, मागोमाग जेवणही निघाले. मग कापसाचे बोळे भिजवून धानाच्या कणगीजवळ ठेवले. आठवड्याभरात माझ्या घरचे उंदीर शेजारी बिरजूकडे राहायला गेले. बिरजूने तक्रार केली, ती मी दाखल करून घेतली आणि तेलाचा परिणाम शंभर टक्के असल्याचे नोंदवले.

आता मोहफुलांकडे येतो. मार्च-एप्रिलात आमच्याकडे सूर्य उगवायच्या आत घरातली माणसे आपापल्या मोहाखाली फुले वेचायला जातात. अंगावरची पोरेसुद्धा सोबत असतात, फांदीला लुगड्याची झोळी बांधून तीत निजवतात. फुले जशी माणसांना हवीत तशी अस्वलालाही हवीत. आदल्या हंगामात आमच्याच गावच्या जंगूला अस्वलाने खांद्यापासून कोपरापर्यंत फाडले होते. त्याचा तो हात अजून वर होत नाही. यंदा असे होऊ नये, ही समितीची खरी काळजी होती, आणि माझीही होती. ती काळजी खोटी होती असे कोणी म्हणू नये.

मी विचार केला. उंदीर हा प्राणी आहे. अस्वल हाही प्राणी आहे. उंदीर या वासाने पळतो. फरक राहिला तो फक्त आकाराचा, आणि आकाराची भरपाई थेंब वाढवून करता येते. या विचारात मला आजही चूक सापडत नाही, एवढाच त्यात दोष आहे.

प्रफुलला सांगून मी खोकेभर बाटल्या मागवल्या. सोबतचे पत्रक इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात होते. त्याचा फोटो मयुरीला पाठवला. मयुरी माझी मुलगी, नागपूरला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. “बाबा, सूचना आधी सगळ्यांना वाचून दाखवा, मग बाटल्या वाटा,” असे ती म्हणाली आणि फोनवरून एकेक सूचना मराठीत सांगत गेली. मी नऊ सूचना लिहून घेतल्या, त्यांचे परिपत्रक टंकले आणि सभेत वाचले. ते असे. (कंसातला मजकूर परिपत्रकात नव्हता, तो मागाहून सुचला.)

१. तेल नुसते कातडीला लावू नये. एका थेंबास चमचाभर खोबरेल किंवा टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल घ्यावे. (माझे कपाळ सभेत नमुना म्हणून दाखवण्यात आले.)

२. तेल पिऊ नये. (मंगरूने हे दोनदा विचारून घेतले. त्याचा चेहरा उतरला.)

३. डोळ्यांपासून लांब ठेवावे व वापरल्यावर हात साबणाने धुवावेत. (हे वाचतानाच मी डोळा चोळला. पुढचे भाषण मी रडत केले. समितीच्या इतिहासात सचिवाला गहिवरून येण्याचा हा पहिला प्रसंग, असे दोन बायकांनी नंतर सांगितले.)

४. गरोदर बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये.

६. छातीत जळजळ किंवा पित्ताचे खडे असणाऱ्याने जपून वापरावे. (गावात जळजळ नसलेला माणूस नाही. निवडणुकीपासून तर नाहीच.)

७. चूल, दिवा, बिडी यांच्याजवळ बाटली नेऊ नये, तेल पेट घेते.

८. झाकण घट्ट लावून थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे. (एप्रिलात अशी जागा आमच्याकडे फक्त विहिरीत असते.)

९. मांजराला लावू नये. (लावायचा कोणाचाही विचार नव्हता. सूचना ऐकल्यावर आदेशने तसा विचार केला.)

खाली ‘वरील नऊ सूचना वाचल्या व समजल्या’ असे छापून चोवीस ओळी आखल्या होत्या. अकरा मिनिटांत तेवीस सह्या झाल्या. पहिली माझी. चोविसावी ओळ सोनीबाईची होती आणि ती कोरी राहिली.

सोनीबाई म्हणजे जंगूची बायको. गावात सगळ्यात जास्त फुले तीच वेचते. मी बाटली पुढे केली, तर तिने हातही लावला नाही.

“मले नाई पायजे, लटारूभाऊ.”

“काऊन?”

“फुलं येचतानी डोये खाली रायते. मांगं कोन आलं थे नाकच सांगते मले. अस्वलाचा वास येते ना, अगुदर येते. नाकालेच झोपवलं तं मी कोनाले इचारू?”

मी तिला विज्ञान समजावून सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि टोपली उचलून निघून गेली. ‘एक सभासद गैरसमजुतीमुळे लाभापासून वंचित’ असे मी इतिवृत्तात लिहिले. वंचित हा शब्द लिहिला की मला नेहमीच बरे वाटते.

पुढचे दहा दिवस उपक्रम जोरात चालला. पहाटे जंगलात शिरले की मोहाचा वास येईना, आंब्याच्या मोहराचा येईना, सगळ्या रानाला पानठेल्याचा वास येऊ लागला. अस्वल एकदाही आले नाही. (त्या आठवड्यात पलीकडच्या गावातही आले नाही, जिथे तेल नव्हते. पण तिथला अहवाल कोणी लिहिला नाही.) तेवीस जणांची नाके इतकी सुन्न झाली की जेवणात मीठ आहे की नाही हे एकमेकांना विचारावे लागे. मी याची नोंद ‘सवय झाली’ अशी केली.

अकराव्या दिवशी मी तपासणीला गेलो. गळ्यात मफलर, खिशात पेन आणि बाटली. सोनीबाईच्या मोहाखाली तिची सून रंजीता फुले वेचत होती. फांदीला झोळी होती आणि झोळीत रंजीताची पोर उर्वशी कुरकुरत होती.

“रातभर नाक चोंदून राह्यलं होतं, काका,” रंजीता म्हणाली. “दूदबी पेली नाई.”

मी बाटली काढली. चोंदलेले नाक हे तर या तेलाचे मूळ कार्यक्षेत्र.

रंजीता जरा पुढे झाली. “लहान हाय ना काका ते? चालते का?”

मी तिला म्हणालो, “परिपत्रक वाचलं ना? कुठी मनाई लिहिली हाय का? सही केली ना तू?”

सही तिने केली होती. ती बाजूला सरली. मी पोरीच्या नाकाखाली एक थेंब बोटाने लावला, दोन थेंब तिच्या गळ्याशी असलेल्या फडक्यावर टाकले आणि जंगूला अस्वलाच्या स्वभावाविषयी माहिती द्यायला पलीकडच्या झाडाखाली गेलो. रंजीता वेचायला बसली. कुरकुर थांबली. औषध लागू पडले, असे मी जंगूला सांगितलेसुद्धा.

तेवढ्यात नाल्याच्या बाजूने सोनीबाई पळत आली. ती साठीची बाई इतकी पळू शकते, हे मला ठाऊक नव्हते. तिथे आम्ही सगळेच पेपरमिंटने माखलेलो, त्यामुळे झोळीतून येणारा वास कोणालाच वेगळा वाटला नव्हता. जिथे माणूस उभा नाही तिथून एवढा वास का येतो, हे फक्त तिच्या नाकाला कळले. तिने झोळी फाकवली. पोर गप्प होती. ओठ जांभळासारखे झाले होते आणि छाती हलत नव्हती.

सोनीबाईने फडके ओढून लांब भिरकावले. पदराने पोरीचे नाक-तोंड पुसले, तिला उघड्यावर वाऱ्याला नेले, तोंडावर फुंकर मारली, तळपायावर टिचक्या मारल्या, परत फुंकर मारली. रंजीता ओरडत होती. मी उभा होतो. खिशात पेन होते, शिक्का घरी होता, आणि एकतीस वर्षांत शिकलेली एकही गोष्ट मला आठवली नाही. मी भ्यालो होतो. हे वाक्य अहवालात बसत नाही, तरी ते राहू द्यावे.

मग पोर रडली. आधी मांजरीच्या पिलासारखी, मग मोठ्याने. इतका चांगला आवाज मी कुठल्याही सभेत ऐकलेला नाही.

आदेशच्या मोटारसायकलवरून तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरबाईंनी तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले आणि मला अर्धा तास झाडले. त्यांचे सगळे बोलणे मी ऐकले, नुसती मान हलवली नाही. दिवस मावळताना पोर दूध पिऊ लागली आणि घरी आली.

मयुरीला फोन केला. झाले ते सगळे सांगितले. ती म्हणाली, “बाबा, पाच नंबर मी तुम्हाला दोनदा सांगितला होता.”

मी फाईल काढली. कच्च्या कागदावर माझ्याच अक्षरात पाचवी सूचना होती: ‘दोन वर्षांखालच्या लेकरांच्या नाका-तोंडाजवळ हे तेल अजिबात नेऊ नये. श्वास अडकतो.’ तिच्यासमोर माझ्याच लाल शाईत शेरा होता: ‘समितीचे सभासद होण्यास किमान वय अठरा. सबब अप्रस्तुत. वगळावे.’ वगळल्यावर खालचे आकडे बदलायला हवे होते. तेही मी बदलले नव्हते. आकडे नऊपर्यंत गेले आणि सूचना आठ राहिल्या. तेवीस जणांनी नऊ समजल्याची सही केली. पहिली सही माझी होती, हे वर सांगितलेच आहे.

दुसऱ्या दिवशी सोनीबाईकडे गेलो. ती अंगणात फुले वाळत घालत होती. मी उभ्यानेच सगळे सांगून टाकले, लाल शाईसकट. मला वाटले ती हातातली टोपली फेकून मारेल, आणि मारली असती तर मला हलके वाटले असते.

ती फुले पसरत म्हणाली, “मले मालूम होतं.”

“काय मालूम होतं?”

“तुमी सभेत वाचून राह्यले होते, तवा मी बोटावर मोजून राह्यली होती. आठच झाले. चारच्या मांगून एकदम सहा.”

“मंग बोलली काऊन नाई, बाई?”

“तुमी शिकलेले मानसं. मनलं, पाचवी सायब लोकायसाठी असन.”

मग तिने मला पाचवी सूचना म्हणायला लावली. दोनदा. रंजीतालाही बाहेर बोलावून ऐकवायला लावली. रंजीताने माझ्याकडे पाहिले नाही.

जुने परिपत्रक मी रद्द केले, बाटल्या परत घेतल्या आणि नवे परिपत्रक काढले. त्यात नऊच्या नऊ सूचना आहेत आणि पाचवी सगळ्यात वर आहे. त्यावर नऊ मिनिटांत तेवीस सह्या झाल्या. (आदेशची सही दिनांकाच्या जागी आहे.) सोनीबाईने या वेळी अंगठा दिला, पण आधी मला सगळे मोठ्याने वाचायला लावले आणि बोटे मोजली.

राहता राहिले आपण. पहिले परिपत्रक वर दिले आहे, कंस सोडल्यास जसेच्या तसे. आपण शिकलेले आहात. चष्मा लावून वाचलेत, मांजरापाशी हसलात, आणि चारवरून सहावर निवांत आलात. त्या परिपत्रकाची चोविसावी ओळ अजून कोरी आहे. सही तिथे करावी.