शालनबाई घोलप यांनी चौथा मजला राखिला त्याची हकीकत

श्री. वास्तुदेवता प्रसन्न. धन्यांची आज्ञा जाहली की, गड नववा, मजला चौथा, येथील बखेडा कैसा उपजला आणि कैसा मिटला, हे पुसलियावर जो तो आपलीच शेखी मिरवितो, तरी खरे काय जाहले ते साद्यंत लिहून पाठविणे. त्यावरून डोळां देखिले आणि कानीं ऐकिले तितुके लिहिले असे. पदरचे मीठ घातले, परंतु बेताने.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर. ते समयी सरकारने ओढ्याकाठची वस्ती रस्त्याकरितां उठविली आणि तेथील रयतेसाठी माळावर नऊ गड बांधिले, एकेक गड सात मजल्यांचा, मजल्यास सहा दारे, आणि चढावयासी लोखंडी पालखी ठेविली, जी चार दिवस चाले आणि तीन दिवस दुखणे काढी. आश्विन शुद्ध दशमीस, दसऱ्याचे मुहूर्ती, शालनबाई घोलप नवव्या गडाच्या चौथ्या मजल्यावर दाखल जाहल्या. शाळेत पोरांची खिचडी शिजविणे हा बाईंचा हुद्दा, वय पन्नास, धनी वारून आठ वर्षे जाहलेली, आणि संगती एकच माणूस, सासूबाई हौसाबाई, वय चौऱ्याहत्तर. या हौसाबाईंनी उभा जन्म डबा घेऊन ओढ्याकाठच्या झुडपांआड जाण्यात काढिला होता, आता घरातच संडास आणि त्यास आतून कडी, हे पाहून म्हातारी पहिल्या दिवशी तीन वेळा उगाच आत जाऊन कडी लावून बसली आणि मग बाहेर येऊन म्हणाली, "शालन, आता मला हितूनच ने बाई. पुन्हा कुठं हलवू नगंस." शालनबाईंनी होय म्हटले. परंतु सरकारचा कायदा ऐसा की, नव्या भाडेकरूची पाडव्यापर्यंत परीक्षा. तोंवर कुणाची लेखी तक्रार आली आणि ती खरी ठरली तर किल्ली परत. आणि ओढ्याकाठचे घर तर जमीनदोस्त जाहले होते, म्हणजे परत जावे तर रस्त्याच्या डांबरावरच बिऱ्हाड मांडावे.

शेजारच्या दारी जालिंदरराव फडतरे म्हणोन गृहस्थ नांदत होते. तेही भाडेकरूच, परंतु वर्षभर आधी आलेले आणि कागद कायम जाहलेला, तेणेकरून स्वतःस गडाचे किल्लेदार समजत. त्यांनी सामाईक बोळ काबीज करून तेथे एक मोडके कपाट, चार टायर आणि एक बिनचाकाची सायकल ऐसे मोर्चे बांधिले होते, आणि गच्चीच्या दारास स्वतःचे कुलूप घालून किल्ली आपल्या देव्हाऱ्यावर टांगिली होती, आणि कचऱ्याची पिशवी चौथ्या मजल्यावरून खाली सोडीत, ती ज्याच्या भाग्यात असेल त्याच्या खिडकीत उघडत असे. आणि या सर्वांवर कळस म्हणजे उंबऱ्याजवळ त्यांनी दोन स्पीकर उभे केले होते, मापाने म्हशीच्या रेडकाएवढे, ते दुपारी बाराला सुरू होत आणि दिवेलागणीपर्यंत शालनबाईंच्या मांडणीवरील ताटे नाचवीत. मजल्यावरील बाकी चार दारे मूग गिळून बसली होती. शालनबाई प्रथम वकिली करावयासी गेल्या आणि नीट मानाने म्हणाल्या, "भाऊ, सासूबाई थकलेल्या आहेत, जरा आवाज कमी करता का?" त्यावर जालिंदरराव दात कोरीत बोलिले, "वैनी, आमचा कागद पक्का. तुमचा कच्चा. आवाज कुणी कमी करायचा, ते तुम्हीच ठरवा."

हे उत्तर बाईंच्या जिव्हारी लागले. एरवी दीडशे पोरांची पंगत पळीच्या इशाऱ्याने बसविणारी बाई, परंतु ते दिवशी बुद्धीने दगा दिला. मार्गशीर्षात एके दुपारी जालिंदरराव बाहेर गेले ऐसे पाहून बाईंनी पदर खोचिला आणि म्हाताऱ्या सासूस हाताशी घेऊन ते मोडके कपाट ओढीत ओढीत पालखीपर्यंत नेले, आणि आत घालून खाली धाडून द्यावे ऐसी मसलत केली. कपाट आत गेले. दार मिटले. आणि पालखी दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये जाऊन जी बसली, ती नऊ दिवस हलली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जालिंदरराव बाहेर गेले नव्हतेच. त्यांनी दाराच्या फटीतून सारी मोहीम मोबाइलात टिपून घेतली होती. नऊ दिवस लोक गॅसच्या टाक्या खांद्यावर घेऊन सात मजले चढले आणि प्रत्येक पायरीस शालनबाईंचे नाव घेत राहिले, आणि ते नाव काही देवाचे घेतात तैसे घेत नव्हते. मग काय, जालिंदररावांस आयतेच फावले. त्यांनी कचेरीत अर्ज गुदरला की, घोलप नामे बाई भांडखोर आहे, दुसऱ्याच्या मालास हात घालिते, सरकारी पालखी मोडिते, सबब इचे घर काढून घ्यावे. आणि चारही दारांच्या सह्या घेतल्या, निम्म्या रागाने जाहल्या आणि निम्म्या भयाने.

माघ सरता सरता कचेरीचा खलिता आला की, फाल्गुन वद्य दशमीस अंमलदार जातीने पाहणीस येतील, चारही दारांस पुसतील, आणि मग काय तो निर्णय होईल. शालनबाईंनी तो खलिता पिठाच्या डब्याखाली दडविला. परंतु हौसाबाईंस अक्षर येत नसले तरी सुनेचे तोंड वाचता येत होते. बाई शाळेतून परत आल्या तो म्हातारीने आपली लुगडी, तांब्या आणि देवांची डबी ऐसे गाठोडे बांधून दारापाशी ठेविले होते आणि स्वतः त्याच्या शेजारी बसली होती. ते पाहून शालनबाईंचे काळीज हलले. रडू आले आणि राग त्याहून मोठा आला, आणि त्या म्हणाल्या, "आत्या, सोडा ते. मी हाय तवर कुठं जायचं न्हाई." म्हातारी म्हणाली, "मग तेवढा राग आवर. कपाटाला तू हात लावलास, त्यो सरकारनं न्हवं." बोल खरा होता, म्हणोन झोंबला, आणि झोंबला म्हणोन उपयोगी पडला.

दुसरे दिवशी बाई कचेरीत गेल्या. तेथील कारकून बाई शहाणी होती, तिने सांगितले, "ताई, भांडू नका. रोज लिहून ठेवा. तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं. आणि एकट्याचं लिहू नका, साक्षीदार पाहिजे." रोज किती पोरे जेवली आणि किती डाळ गेली हे बारा वर्षे वहीत लिहिणाऱ्या बाईस हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ. साक्षीदार मात्र वहीत उगवत नाहीत. मग बाईंनी काय केले, तर प्रथम चारही दारी गेल्या आणि प्रत्येक उंबऱ्यावर म्हणाल्या, "लिफ्ट मी बंद पाडली. चुकलं माझं. टाकी चढवायची असंल तर मला हाक मारा." आणि पुढे म्हणाल्या, "आदितवारी माझ्याकडं उडदाचे पापड हायेत. पोळपाट-लाटणं घेऊन या."

आता या मुलखाची रीत ऐसी की, पापडाचे आवतण मोडीत नाहीत. आज माझ्याकडे दहा लाटणी आली तर उद्या माझे लाटणे दहा घरी जाते, आणि वैर असले तरी भिजविलेल्या पिठावर काढीत नाहीत. फाल्गुन वद्य द्वितीयेस, आदितवारी, प्रथम आली ती समोरची शिवणवाली रझियाबी; म्हणाली, "पापड मैंने कभी बेले नाहीत बरं का ताई, मला शेवया येतात. पण शिकव." पाठोपाठ कोपऱ्यातल्या लीलाबाई कोंडे आल्या आणि मग उरलेली दोन दारेही आली. शालनबाईंचे लाटणे ऐसे चाले की, पापडातून खालच्या पोळपाटाची रेघ दिसावी. लीलाबाई तेलात बुडविलेल्या लाट्या एकामागून एक गट्ट करीत होत्या, आणि रझियाबीचा रोजा, म्हणोन तिने आपल्या वाटच्या चार लाट्या वाटीत झाकून ठेविल्या. आणि बायकांचे हात एकदा कामास लागले की तोंडे बंद राहत नाहीत. लीलाबाई म्हणाल्या, "खाली आवारात मी तुळस लावली, तीत त्या फडतऱ्याच्या माशाचे काटे पडले." रझियाबी म्हणाली, "गच्चीची किल्ली मागितली तर म्हणाला, गिऱ्हाइकांची मापं घे, माझी नको." शालनबाईंनी हात पुसला, वही काढिली आणि पुसले, "कुठल्या दिवशी? किती वाजता?" ऐसे करता करता साडेतीनशे पापड आणि अकरा पाने भरली, आणि प्रत्येकीने आपापल्या बोलण्याखाली सही केली. कागदास तेल लागले, परंतु ते कुठे कायद्यात मना आहे? रझियाबी म्हणाली, "आणि ती आधीची सही?" लीलाबाई म्हणाल्या, "ती पायऱ्या चढून दमले होते म्हणून केली. आता बसून करतेय."

फाल्गुन वद्य दशमी उजाडली. शालनबाईंनी रजा काढिली. आणि नेमके त्याच सकाळी जालिंदररावांच्या स्त्रीने, मंदाबाईंनी, पापडांचे आवतण चारही दारी दिले होते, घोलपांचे दार तेवढे धन्याच्या भयाने वगळिले. दहा वाजले, अकरा वाजले, एकही लाटणे आले नाही. पाच किलो पीठ कुटून ठेविलेले कोरडे पडू लागले आणि मंदाबाई एकट्याच दारात पोळपाट मांडून बसल्या, वर मान करीनात. लीलाबाई शालनबाईंस म्हणाल्या, "सुकू दे. त्यानं तुझं घर घ्यायला काढलंय आणि तू काय त्याचे पापड लाटणार?" शालनबाईंच्या मनातही क्षणभर तेच आले, खोटे कशास लिहावे, सुकू दे, तडकू दे, दोघांचेही नाक कापले जाऊ दे. मग त्यांनी मंदाबाईंच्या हाताकडे पाहिले. तो हात पिठावर ओले फडके पुन्हा पुन्हा झाकीत होता. बाई म्हणाल्या, "भांडण त्याच्याशी हाय. पिठानं काय केलं?" आणि लाटणे उचलून, आवतण नसता, शत्रूच्या उंबऱ्यात शिरल्या. मग लाजेकाजेस्तव चारही दारे मागोमाग आली. मंदाबाईंनी बसावयासी पाट पुढे केला.

मग जे लाटणे सुरू जाहले, त्यास तोड नाही. पलंग भरला, दिवाण भरला, टीव्हीचे टेबल भरले, आणि जागा पुरेना तेव्हा मंदाबाईंनी ते दोन स्पीकर जुन्या साडीने झाकून त्यांवर ओल्या पापडांची सुपे मांडिली. बाराचे सुमारास जालिंदरराव स्वारीवरून परतले. पाहतात तो स्वतःच्या घरात पाय ठेवावयासी जागा नाही आणि मधोमध ती घोलप बाई बसलेली. त्यांनी डोळे वटारिले आणि स्पीकरकडे हात नेला. तो मंदाबाई लाटणे न थांबविता बोलल्या, "ओले आहेत."

"उचल ती सुपं."

"हात लावून तर बघा," मंदाबाई म्हणाल्या, "दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या घरात बाया आल्यात. आणि उभे काय राहिलात, गच्चीवर ऊन दाखवायचंय पापडांना. बोळातनं सूप न्यायला वाट नाही. ते टायर आत घ्या आधी."

सहा बायका, सहा लाटणी. जालिंदररावांनी एकवार सर्वांकडे पाहिले आणि निमूट टायर उचलिला. आणि नेमके तेच समयी पालखी आजारी असल्याने चार मजले चढून, धापा टाकीत, अंमलदार बोळात प्रकट जाहले, आणि त्यांनी पाहिले की फिर्यादी खांद्यावर टायर घेऊन उभा आहे आणि ज्यांची भांडणे सोडवावी त्या सर्व एका पोळपाटाभोवती आहेत. अंमलदारांनी चारही दारांस पुसले. चौघींनी वही पुढे केली. जालिंदररावांनी टायर ठेवून मोबाइल काढिला आणि कपाटाचे चित्र दाखविले, तेव्हा शालनबाई आपण होऊन उठल्या आणि म्हणाल्या, "ते खरं हाय साहेब. कपाट मी ढकललं, लिफ्ट माझ्यामुळं बंद पडली. जो दंड असंल तो लावा. पण घर घेऊ नका. सासूबाईंना मी शब्द दिलाय." अंमलदारांनी पुसले, "कपाट बोळात कोणाचं होतं?" कोणी काही बोलण्याआधी मंदाबाई पदराने कपाळाचे पीठ पुसून म्हणाल्या, "आमचं. वर्षभर मी सांगतेय यांना, आत घ्या म्हणून. आणि गच्चीचं कुलूपही आमचंच. ही घ्या किल्ली." आणि देव्हाऱ्यावरून किल्ली काढून त्यांनी अंमलदारांच्या तळहातावर ठेविली.

मग अंमलदारांनी पापड चुकवीत एक कोपरा गाठिला आणि तेथेच उभ्याने लिहिले की, घोलप बाईंस लिफ्टबद्दल एक समज, फडतऱ्यांस सात दिवसांत बोळ मोकळा करण्याची नोटीस, आवाज व कचरा यांविषयी पुनश्च तक्रार आलियास त्यांच्याच पक्क्या कागदाचा फेरविचार, आणि घोलप बाईंचे घर पाडव्यापासून कायम. लिहून जाहल्यावर ते बाईंस हळूच म्हणाले, "ताई, हा माणूस एका नोटिशीने सरळ होईल असं नाही. सहाव्या बिल्डिंगमध्ये एक घर रिकामं आहे, शांत मजला. हवं असेल तर आजच बदलून देतो." हौसाबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी सुनेकडे पाहिले. शालनबाईंनी हातातली लाटी पोळपाटावर ठेविली आणि लाटणे फिरविले.

"नको साहेब," त्या म्हणाल्या. "उद्या लीलाबाईंकडं लाटायला जायचंय."

येणेप्रमाणे नवव्या गडाचा चौथा मजला राखिला गेला. जालिंदरराव पुरते सुधारले ऐसे म्हणवत नाही, स्पीकर अधूनमधून खाकरतो. परंतु आता पाच दारे एकदम उघडतात आणि तो बंद होतो. जे घडले ते लिहिले. इति.