साळूबाईंवर हात ठेवले त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी एकमेकांना खात असत. मग तिथे एक करकोचा आला. देवाचे तुमच्यावर प्रेम आहे, तेव्हा हे थांबवा, असे त्याने सांगितले. आश्चर्य म्हणजे ते थांबले आणि फळांवर राहू लागले. त्यांची एक मंडळी झाली.

करकोचा पुढच्या जंगलात निघाला. जाताना म्हणाला, तुमच्यातल्या प्रत्येकाला एक कृपादान मिळाले आहे, ते शोधा. भांडणाला एवढे पुरले.

टिटवीला अन्य भाषेचे दान मिळाले. ती ओरडे ते कुणालाच कळत नसे. पूर्वीही कळत नव्हते, पण आता त्याला मान होता. तरसाला त्या भाषेचा अर्थ सांगण्याचे दान मिळाले. टिटवी थोडे ओरडो की फार, अर्थ एकच निघे: तरसाला सभेतल्या मानाच्या पहिल्या कातळावर बसवावे. घोरपडीला विश्वासाचे दान होते. ती एका दगडाला चिकटली ती चिकटलीच.

साळू नावाच्या साळिंदराला मात्र काहीच मिळाले नाही. नवरा गेल्यापासून बिचारी एकटी होती. मंडळीत आल्यावर कितीतरी दिवसांनी तिच्या शेजारी कुणी बसून जेवले. तेवढ्यासाठी ती रोज देवाचे आभार मानी. पहाटे उठून ती नदीच्या कोरड्या पात्रातला झिरा उकरायची. रोज तो वाळूने बुजायचा, रोज ती उकरायची, तेव्हा मंडळीला पाणी मिळायचे. हेही दान असेल असे कुणाच्या डोक्यात आले नाही. तिच्याही नाही.

मग तरसाने नियम केला. दर रविवारी प्रीतिभोजनाआधी, म्हणजे सगळे एकत्र जेवायला बसण्याआधी, प्रत्येकाने कातळावर उभे राहून आपले दान दाखवायचे. ज्याला जमणार नाही त्याने करवंदीच्या जाळीपलीकडे एकटे जेवायचे.

साळूने जिवाचा आटापिटा केला. अन्य भाषा येईना म्हणून काटे खुळखुळवून पाहिले. तरस म्हणाला, यातून काही अर्थ निघत नाही. ती जाळीपलीकडे गेली आणि जांभळे खाताखाता रडली. दुसऱ्या दिवशी पहाटे झिऱ्यावर हजर.

हे करकोच्याच्या कानावर गेले. त्याने पत्र धाडले. ते भर सभेत वाचले गेले.

"मी तिथे होतो तेव्हा पाणी कोण काढत होते? तिला माझा सलाम सांगा. तुमच्यात सगळ्यात मोठे दान तिचेच आहे."

सगळ्यांच्या माना साळूकडे वळल्या. तरसाला तर रडूच कोसळले, आणि ते त्याला छान जमायचे. साळूला मंडळीची वडील, म्हणजे पुढारी, करायचे ठरले. आता वडील करायचे म्हणजे सगळ्या मंडळीने अंगावर हात ठेवून प्रार्थना करायची, अशी रीत होती.

साळू म्हणाली, "अहो, लांबूनच ठेवल्यासारखं करा. मी साळिंदर आहे."

"नम्रता बघा बाईंची," तरस म्हणाला, आणि सगळ्यांनी मिळून हात दाबून ठेवले.

त्या दिवशी सगळी मंडळी पहिल्यांदा एकाच भाषेत ओरडली. अर्थ सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साळू झिऱ्याकडे निघाली. तरस लंगडत आडवा आला.

"वडिलांनी चिखलात हात घालायचे नसतात, साळूबाई. तुम्ही कातळावर बसा."

"मग झिरा कोण उकरणार?"

"ज्याला ते दान असेल तो."

सगळ्यांनी आपापले सुजलेले पंजे पाहिले. ते दान कुणालाच नव्हते. मग पाण्यासाठी प्रार्थना सुरू झाली. टिटवी कोरड्या घशाने ओरडली. तरसाने अर्थ सांगितला, की धीर धरा. सहाव्या दिवशी मंडळी टेकडीपलीकडच्या तळ्याकडे चालू लागली. घोरपडसुद्धा दगडावरून सुटली. तिथे गेल्यावर त्यांनी काय खाल्ले ते विचारू नका, बाळांनो.

साळू गेली नाही. वडिलांनी कातळ सोडायचा नसतो, असे तिला बजावले होते. रविवारी प्रीतिभोजनाला ती पहिल्या कातळावर बसली. शेजारी कुणी नव्हते. बराच वेळ वाट पाहून ती खाली उतरली आणि झिरा उकरला. पाणी निवळशंख लागले. ते सगळ्यांना पुरले असते.

तात्पर्य: निमूट राबणाऱ्याची थोरवी ध्यानात आली, तर ती कुणाला कळू देऊ नये. त्याला जाळीपलीकडेच बसवावे. निदान पाणी तरी मिळते.