हत्तीदादांची हमखास मदत

एका जंगलात, बाळांनो, वणवा लागला. कुठल्या जंगलात ते विचारू नका. जंगलं काय, जळतच असतात. फळं जळाली, पाला जळाला, सगळ्यांची उपासमार सुरू झाली.

तिथं भुरकी नावाची माकडीण राहायची. तिचं पिल्लू चिंगू इतकं वाळलं होतं, की आईच्या पोटाला धरून राहायचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. भुरकी त्याला एका हातानं सावरायची आणि लंगडत चालायची.

डोंगरापलीकडे मात्र केळीच केळी. तिथले हत्तीदादा मोठे दानशूर. पूर्वी ते आल्यागेल्याला घड द्यायचे आणि विसरून जायचे. मग सातासमुद्रापार शिकून आलेला कोल्हा त्यांचा सल्लागार झाला.

"दादासाहेब, तुम्ही दान नाही, उधळपट्टी करत होता," कोल्हा म्हणाला. "दान म्हणजे गुंतवणूक. परतावा दिसेल तिथंच केळं."

हत्तीदादा बिचारे ओशाळले.

भुरकी डोंगर ओलांडून आली. "दादा, एक फणी द्या हो. लेकरू जाईल माझं."

हत्तीदादांची सोंड घडाकडे वळली. कोल्ह्यानं ती हळूच बाजूला सारली. बाजारात वांगं बघावं तसं त्यानं चिंगूला उलटसुलट करून बघितलं.

"ताई, जोखीम फार आहे. केळं दिलं आणि हा गेला, तर केळं वाया. थोडं बाळसं धरू द्या, मग या. लगेच देऊ."

"अहो, बाळसं धरलं असतं तर मी इथं कशाला तडफडले असते?"

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," कोल्हा म्हणाला.

भुरकी घरी येऊन रडली. कोल्ह्याला तिनं काय काय शिव्या दिल्या ते सांगत नाही, तुमच्या आया मला ओरडतील. ते ऐकून शेजारच्या साळिंदरीणबाईंनी स्वतःसाठी पुरून ठेवलेले कंद उकरून आणले. खारूताईनं ढोलीच्या तळाशी उरलेल्या बिया दिल्या. परतावा कुणीच विचारला नाही. शिक्षण नव्हतं ना बिचाऱ्यांना!

चिंगू उठून बसला. मग खोड्या काढायला लागला. साळिंदरीणबाईंनी मात्र अंथरूण धरलं.

भुरकी गोबऱ्या चिंगूला घेऊन परत डोंगरापलीकडे गेली. कोल्हा आनंदानं नाचला. सभा भरली. हत्तीदादांच्या गळ्यात हार पडला, चिंगूला त्यांच्या डोक्यावर बसवलं, टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आमच्या मदतीचं हे फळ!" कोल्हा ओरडला.

"आणि केळी?" भुरकीनं विचारलं.

"आता कशाला? पोरगा धडधाकट आहे की!"

"मग साळिंदरीणबाईंसाठी तरी द्या. मरायला टेकल्यात हो त्या."

"अरेरे! मरायला टेकल्यात? म्हणजे जोखीम फार. जरा सुधारल्या की घेऊन या."

भुरकीचं डोकं सणकलं. तिनं वर बघितलं. चिंगूनंही आईकडे बघितलं. पोरानं हत्तीदादांच्या डोक्यावरून थेट केळीवर उडी मारली, अख्खा घड तोडून खाली टाकला, आणि मायलेकरं घड घेऊन सुसाट पळाली.

"चोर! चोर!" कोल्हा बोंबलला.

हत्तीदादांनी पाठलाग केला नाही. त्यांना म्हणे हारामुळे समोरचं दिसत नव्हतं.

साळिंदरीणबाई त्या दिवशी पोटभर जेवल्या.

तात्पर्य: मदत हवी असेल, तर बाळांनो, आधी धडधाकट व्हावं. म्हणजे ती पळवून आणता येते.