पिंपळवंडीच्या डॉक्टरांना बोरीला दाखवलं

वैद्यकशास्त्र विश्वासावर चालतं, आणि विश्वास कमरेत टोचावा लागतो. नुसता तोंडी दिलेला विश्वास पिंपळवंडीत कुणाला लागू पडल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

सन दोन हजार चारच्या थंडीत तेजस्विनी मॅडम पुण्याहून आल्या. अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारी भारी औषधं, गरज नसताना डॉक्टर का देतात, हा त्यांचा विषय. संशोधन गुणात्मक होतं. (म्हणजे मोजायचं काही नाही, नुसतं विचारायचं, समोरचा गप्प बसला तर ते गप्प बसणंही टेपवर घ्यायचं.) आम्ही त्यांचे मानद वाटाडे. मानधन, चहा.

निष्कर्ष फार मोलाचे निघाले. शंभर टक्के रुग्ण म्हणाले, "आमी कुठं मागतो? डाक्टरच देत्यात." शंभर टक्के डॉक्टर म्हणाले, "मी कुठं देतो? तेच मागतात." (गावात डॉक्टर एकच, चांगदेव.) थोडक्यात, कॅप्सुली आपल्या पायांनी चालत पोटात जात होत्या. त्यांची मुलाखत तेवढी राहून गेली.

पण प्रश्न ऐकून चांगदेव डॉक्टर मनातून हलले. माणूस भला, तिथंच घोटाळा झाला! दुसऱ्या दिवशी लंकाबाई शिंकत आल्या. डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली आणि म्हणाले, "साधी सर्दी आहे. सर्दीला जंतूंचं औषध लागत नाही. गरम पाणी प्या, आपोआप जाईल."

"आपोआप?" लंकाबाई कडाडल्या. "आपोआपच जायची व्हती तर मी कशापायी आले, राव?"

प्रश्न बिनतोड होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, डाक्टरचं कायतरी बिनसलंय. गाव शिंकत शिंकत बोरी बुद्रुकच्या डॉक्टरांकडे जाऊ लागलं. इकडे दवाखान्याच्या बाकावर कुत्रं निजायला लागलं. वीस वर्षांचा दवाखाना, त्याच्यावरच घर चालायचं. असंच राहिलं तर कुलूप लागणार, हे डॉक्टरांनाही दिसत होतं. जेवण जाईना बिचाऱ्यांना. पण हट्ट सोडला नाही.

गावाने माणुसकी सोडली नाही, हे इथे नमूद करणं भाग आहे. सरपंच सावळाराम यांनी ग्रामपंचायतीत बैठक बोलावली. तर्क सरळ होता: धडधाकट डॉक्टर इंजेक्शन देतो, आपला देत नाही, सबब तो आजारी आहे. "मानूस आपला हाये. आपुनच दाखवाया पायजे," सावळाराम म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला. (विरोध फक्त रुग्णाचा होता. रुग्णाला काय कळतं!)

मग डॉक्टरांच्या कानाला मफलर गुंडाळून, जीपमध्ये मधोमध बसवून त्यांना बोरीला नेलं. मॅडम निरीक्षणासाठी लंकाबाईंना खेटून बसल्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

"काही नाही," चांगदेव म्हणाले.

"आसंच म्हणत्यात बगा, चार दिस झालं," लंकाबाईंनी लक्षण सांगितलं.

कमरेत एक सुई मिळाली. वर लाल-पिवळ्या कॅप्सुली.

गुण लगेच आला. दुसऱ्या दिवशी दारात रांग पाहून चांगदेवांनी कमरेवरून हात फिरवला आणि निमूट इंजेक्शन भरायला घेतलं. लंकाबाईंची सर्दी तोवर आपोआप गेली होती, तरी राहिलेली सुई त्यांनी घेतलीच. दवाखाना वाचला. गावाने पेढे वाटले.

मॅडमना मात्र जीपमध्ये सर्दी लागली. सोमवारी पुण्यात अहवाल वाचायचा होता. त्यांनी टेप बंद केला आणि चांगदेवांना हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, मला तीच लाल-पिवळी द्या ना. मला वेळ नाहीये हो."

दोन कॅप्सुलींत त्यांना बरं वाटलं. उरलेली पट्टी त्यांनी पर्समध्ये जपून ठेवली.

हसताय, पावणं? हसा की! पण तुमच्या फ्रीजच्या दारात अर्धी पट्टी पडलीय, ती कुणाची? उद्या शेजारीण शिंकली की तीच काढून द्याल, वर म्हणाल, "घ्या हो, आमच्या ह्यांना एका गोळीत फरक पडला होता." लई हुशार तुम्ही. या पिंपळवंडीला, जागा आम्ही बघून ठेवतो, दवाखाना टाका.